चाळीस मिनिटांची आघाडी

रेल्वे चाळ, दौंड
मंगळवार, ता. ९ जुलै १९५७

दानिएलदादास बन्यामीनचा सलाम.

पाकीट उघडलंस, आभारी आहे. उघडलं नसशील तर हे वाक्य फुकट गेलं. हल्ली माझं बरंच काही फुकट जातं, त्यात हे एक.

आधी कामाचं. आबांचं घड्याळ तुझ्याकडे आहे. माती देऊन घरी आलो तेव्हा ते माझ्या सरावाच्या वहीवर ठेवलेलं होतं. तू वही उघडलीस, एक पान वाचलंस, घड्याळ खिशात घातलंस आणि शिरूरच्या गाडीची वेळ हेलनला, माझ्या बायकोला, विचारलीस. माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. घड्याळावर तुझा हक्क आहे, थोरला आहेस. पण निवडीची शर्यत चार ऑगस्टला ठरली आहे आणि घड्याळाशिवाय मी आंधळा आहे. एकतीस मैलांची चाल अंदाजाने होत नाही. शर्यत होईपर्यंत उसनं दे.

पहिले दोघं कोलंबोला जाणार. मागच्या हिवाळ्यात मी देशात दुसरा आलो होतो, हे तुला माहीत आहे. तू दवाखान्यात पेढे वाटलेस असं आबा सांगत होते. रेल्वेत रूळ धरणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की ठोकत फिरणारा माणूस आगबोटीत बसून परदेशी चालायला जाणार म्हटल्यावर आबांनी मुकादम मारुतरावांना विचारलं होतं, "तिकडं रस्तं हायती का न्हाईत चांगलं?" रस्ते नसते तर बहुतेक माझ्याआधी स्वतः जाऊन करून आले असते.

तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं, म्हणून एकदा सरळ लिहितो. पुण्याच्या सराव शिबिरात तापाची साथ शिरली. साठ खेळाडूंपैकी निम्मे आडवे झाले तेव्हा शिबिर बंद करून आम्हाला घरी धाडलं. मी पंधरा जूनला आलो. इथे गँगमधले सात जण तापाने पडलेले, माझ्या जागेवर ठेवलेला बदलीवालाही पडला. रूळ तर कुणीतरी बघायलाच हवा. आबा म्हणाले, "म्या जातो. एकोणतीस वर्सं त्योच रूळ तुडवलाय." आपल्या मर्जीने गेले. कुणी ढकललं नाही. वय बासष्ट, पण चाल तुझ्या-माझ्यापेक्षा ताठ होती. अठरा सालच्या मानमोडीच्या साथीतून वाचलेला माणूस. "मानमोडी बघितलीया म्या, ह्यो ताप मला काय करतुया," म्हणायचे. तीन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी पडले, आणि पुढच्या चार दिवसांत आटोपलं. यात कुणाचा दोष काढायचा?

माझी चाल सध्या आयुष्यातली सर्वांत चांगली आहे. हे लिहिणं बरं दिसत नाही, पण खरं आहे.

घड्याळ पार्सलने नको, काच फुटेल. कुणी येणारं-जाणारं असेल त्याच्या हाती दे.

तुझा भाऊ,
बन्यामीन


दौंड, शुक्रवार, ता. २ ऑगस्ट १९५७

दादा,

घड्याळ आलं नाही. आता घाई नाही. शर्यत पुढे गेली, आठ सप्टेंबर. साथ ओसरेपर्यंत सामने बंद. शिबिरातल्या साहेबांच्या कार्डावर छापलं आहे की खेळाडूंनी आपापल्या ठिकाणी सराव चालू ठेवावा, गर्दीत जाऊ नये व मनोधैर्य राखावे. मनोधैर्य कोणत्या दुकानात मिळतं ते छापायचं राहिलं.

थट्टा करतो आहे, कारण दुसरं काही करता येत नाही.

तू औषधांतला माणूस, म्हणून विचारतो. सकाळी डोळे उघडले की मी आधी नाडी मोजतो. बेचाळीस आली तर उठतो. चव्वेचाळीस आली तर पुन्हा मोजतो. सेहेचाळीस आली तर ताप आला असं समजून पडून राहतो आणि पडल्या पडल्या ती साठ होते. शेजारच्या नर्सबाईंचं थर्मामीटर हेलनने एक दिवसासाठी मागून आणलं, ते मी तीन आठवडे दिलंच नाही. दाराची कडी मी कोपराने काढतो. दळणाच्या रांगेत कुणी खोकलं की दळण तिथेच टाकून घरी येतो. मग हेलन जाऊन आणते. काल ती म्हणाली, "नाडी मोजून झाली असंल तर जेवा, अवो. भाकरीला ताप न्हाई आला." मला हसू आलं आणि हसता हसता रडूच आलं. तिने ताट झाकून ठेवलं आणि बाहेर जाऊन बसली.

चार ऑगस्टसाठी मी अंग कसं चढवत आणलं होतं ते तुला सांगून कळणार नाही. एका दिवसासाठी सगळं राखून ठेवायचं असतं: झोप, खाणं, पाय, बोलणंसुद्धा. तो दिवसच कुणी काढून घेतला की राखलेलं सगळं अंगात नासतं. शिबिरातल्या नगरच्या एका गोळाफेक्याचं पत्र आलं. तो धिप्पाड गडी लिहितो की दिवसभर गोठ्यात बसून असतो आणि गोळा वैरणीखाली पुरून ठेवला आहे. मी त्याला उत्तर लिहिलं, देवावर भार टाक. स्वतः मात्र टाकत नाही.

मागच्या पत्रात एक गोष्ट अर्धी लिहिली होती. आबा आपल्या मर्जीने गेले, हे खरं. पण मारुतराव दारात आले होते ते आबांसाठी नाही, माझ्यासाठी. शिबिरापायी मला जुलैअखेर रजा होती. ते म्हणाले, "बन्यामीन, मान्सं न्हाईत रं. चार दिस ये कामावर, रजा मागनं घे." मी नाही म्हणालो.

कारण होतं. शिबिरात पंचांनी माझी चाल पाहून सांगितलं होतं, तुमचा पाय उचलतो. एक पाय टेकल्याशिवाय दुसरा सुटता कामा नये, एवढाच आमच्या खेळाचा कायदा. सुटला तर बाद. स्लीपरवरून स्लीपरवर पाय टाकत रोज आठ मैल फिरलं की पाय उचलायची खोड लागते. ज्या रुळाने मला चालायला शिकवलं तोच माझी चाल बिघडवतो म्हणे. म्हणून मी रुळावर जायचं नाही, बाजूच्या गाडीवाटेने चालायचं असं ठरवलं होतं. मारुतराव उंबऱ्याशी अवघडून उभे राहिले. तेव्हा आतून आबा म्हणाले, म्या जातो.

मी त्यांना थांबवलं नाही. पायाला तेल लावत बसलो होतो, तसाच लावत राहिलो.

बन्यामीन


दौंड, मंगळवार, ता. १० सप्टेंबर १९५७

दादा,

पुन्हा पुढे गेली. आता सोळा नोव्हेंबर, यवतहून पाटसच्या पुढे वळून परत यवत. या खेपेस नक्की, असं लिहिलं आहे. मागच्या खेपेसही नक्कीच होती.

मी कामावर रुजू झालो. रजा संपली, आणि चाल राखण्यासारखी उरली नाही.

एक नवीन आजार झाला आहे. रुळाने जाताना मैलाचा खांब आला की माझे पाय थांबतात. थकवा नाही, दुखत नाही. खांबाजवळ येतो, आबांच्या सवयीप्रमाणे रुळावर एक ठोका देतो आणि मग पुढचा पाय टाकताच येत नाही. उभा राहतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एकदा मालगाडी आली तेव्हा कोंडिबाने दंड धरून खाली ओढलं. तो शिव्या देत होता आणि त्याच्याच अंगाला घाम सुटला होता. रेल्वेच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, पाय उडाला. म्हणाले, पाय उत्तम आहेत, टॉनिक घ्या. टॉनिक घेतो. पास्टरसाहेब येऊन गुडघे टेकून प्रार्थना करून गेले. मी आमेन म्हणालो आणि मनात त्यांच्या खोकल्याचे ठसके मोजले. चार.

ठोका आठवतो ना तुला? आबा प्रत्येक मैलाच्या खांबापाशी रुळावर एक ठोका द्यायचे. रेल्वेच्या कुठल्याही नियमात नाही तो. आई होती तेव्हा तिला कळावं म्हणून सुरू केला होता. परत येताना घरापासून अर्ध्या मैलावरच्या खांबाचा ठोका ऐकू आला की आई चहाचं आधण ठेवायची. आई गेल्यावर हेलन ठेवू लागली. लहानपणी तू आणि मी कान टवकारून बसायचो आणि तुला नेहमी माझ्या आधी ऐकू यायचा.

आणखी एक सांगायचं आहे. ते सांगायला बसलो की मी पायाचं आणि डॉक्टरांचं लिहीत सुटतो.

ताप मी आणला. शिबिरात चौदा तारखेलाच माझं अंग तापलं होतं. मी कुणाला बोललो नाही. आजारी ठरलेल्यांची नावं वेगळ्या यादीत लिहीत होते आणि ती यादी पाहून नावं गाळणार अशी कुजबुज होती. खरी-खोटी देव जाणे. मी ॲस्पिरिनच्या दोन गोळ्या घेतल्या, रांगेत हसत उभा राहिलो आणि घरी आलो. आबांनी तीन दिवस माझे पाय रगडले. माझ्याच तांब्याने पाणी प्यायले. "आंग कढत लागतंया रं," म्हणाले. मी म्हणालो, उन्हातून आलोय. मला दोन दिवसांत उतरला. तरण्या माणसाला तो उतरतोच.

हेलनला हे माहीत नाही. आता तुला माहीत आहे.

बन्यामीन


दौंड, रविवार, ता. २० ऑक्टोबर १९५७

दादा,

तीन पत्रांना उत्तर नाही. तुझं उत्तर आलं नाही याचा मला राग येत नाही, हे सांगायला हे लिहीत नाही. राग येतो. आज उपासनेला गेलो नाही, घरात बसून तुझ्यावर चिडत होतो. मग कळलं की ज्या गोष्टीसाठी तू बोलत नाहीस ती मी अजून लिहिलेलीच नाही. तू मात्र ती माझ्या वहीत वाचलीस.

वहीत एकवीस जूनच्या तारखेला असं आहे: "साडेतीन मैल, ३५ मि. आबांना खांबापाशी गाठलं. आजवरची उत्तम चाल." आणि खाली दोन रेघा ओढल्या आहेत. आनंद झाला की मी दोन रेघा ओढतो.

आमचा खेळ तुला ठाऊक आहे. बीटच्या शेवटच्या टोकाहून घर चार मैल. परत फिरताना आबा रुळाने पुढे निघायचे, चाव्या बघत बघत. मी घड्याळ घेऊन टोकाला थांबायचो. त्यांना चाळीस मिनिटांची आघाडी. मग मी गाडीवाटेने निघायचो. त्यांना घरी पोचायला एक तास बावीस मिनिटं, मला बेचाळीस. म्हणजे दोघांनी एकदमच दारात यायचं. बारा वर्षांत त्यांना दाराआधी मी कधीच गाठलं नव्हतं. माझी चाल सुधारली की ते आपली सुधारायचे, म्हातारा हटत नव्हता.

एकोणीस जूनला आम्ही दारात एकदम आलो. वीसला मी त्यांना दाराच्या दोनशे पावलं अलीकडे गाठलं. त्या दिवशी मी जेवताना तोंडभर बोलत होतो. आबा फार जेवले नाहीत. म्हणाले, "आता तुला कोण धरतंय?" मला ते कौतुकच वाटलं. माझी चाल वाढली आहे असं मी मानलं. चालणारा आपलीच चाल मोजतो, पुढच्याची मोजत नाही.

एकवीसला मी आणखी जोरात निघालो. चांगलं चाललं होतं दादा, देवाशपथ, अंग हवेसारखं झालं होतं. अर्ध्या मैलाच्या खांबाजवळ आलो तर आबा खडीच्या ढिगावर बसलेले. एक हात खांबाला. डोळे लाल. मी येताना पाहून त्यांनी बसल्या बसल्या हातोडा उचलला आणि रुळावर ठोका दिला.

माझ्या हातात घड्याळ होतं. पस्तीस मिनिटं.

थांबलो असतो तर वेळ मोडली असती. बस्स, एवढंच. दुसरं काही कारण शोधू नकोस, मी चार महिने शोधून पाहिलं. आबांनी हात हलवला. म्हणाले, "व्हय पुढं. पाय उचलू नगं. बेस चाललायस आज." मी त्यांचं तोंड पाहिलं होतं. ताप काय असतो ते आठवड्यापूर्वी मी स्वतःच्या अंगावर पाहिलं होतं. कळत होतं मला. मी पुढे गेलो.

घरी आलो आणि हेलनला घड्याळ दाखवलं. तिने ठोका ऐकून आधण ठेवलेलं होतं. ते आटलं. तिने दुसरं ठेवलं, तेही आटलं. मी वहीत लिहीत होतो. तासाभराने कोंडिबा आबांना पाठुंगळी घेऊन आला. हातोडा आबांच्या मुठीतच होता, सोडत नव्हते. रेल्वेचा आहे, हरवला तर बन्यामीनला भरावा लागेल, असं बडबडत होते.

आता माझा प्रश्न. तुला भाऊ म्हणून विचारत नाही, कंपाउंडर म्हणून विचारतो. पंधरा वर्षं मिशनच्या दवाखान्यात आहेस, जूनमध्ये सगळा तालुका तुझ्या खिडकीसमोरून गेला. एकवीस तारखेला मी त्यांना घरी नेऊन झोपवलं असतं, किंवा आधीच एकोणीसला मी स्वतः कामावर गेलो असतो, तर आबा वाचले असते का?

इथे सगळे म्हणतात, देवाची इच्छा. मारुतराव म्हणतात, म्हातारपण. हेलन म्हणते, जेवून घ्या. शिबिरातले साहेब लिहितात, मन खंबीर ठेवा. एकाही माणसाने मला उत्तर दिलेलं नाही.

सोळा तारखेला मी चालणार आहे. पाय खांबाशी थांबतात, तरी हमरस्त्याला रूळ नाही, या आशेवर. जिंकावं असं वाटत नाही. न गेलो तर ती पस्तीस मिनिटं कशासाठी होती, हे कुणाला सांगणार?

उत्तर दे. कसलंही दे.

बन्यामीन


दौंड, गुरुवार, ता. २१ नोव्हेंबर १९५७

दादा,

तू पाहिलंस तेच पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. पण त्या वेळी मी दोनच शब्द बोललो, म्हणून लिहितो.

यवतच्या मोटार स्टँडवरून सकाळी सातला एकोणीस जण सोडले. लोक दुतर्फा उभे. कंबर हलवत चालणारे एकोणीस बाप्ये पाहून बायकांनी पदर तोंडाला लावले. मला बरं वाटलं. पाच महिन्यांत मला पाहून कुणी हसलं नव्हतं, सगळे जपूनच बोलायचे. पाटसच्या पुढे वळलो तेव्हा मी तिसरा होतो. त्यानंतर मद्रासकडचा एक मागे पडला आणि मी दुसरा झालो. रस्त्यालाही मैलाचे दगड आहेत हे मी विसरलो होतो. प्रत्येक दगडापाशी पाय जड व्हायचे. मी डोळे मिटून पुढे जायचो. असे तेवीस दगड गेले.

चौफुल्याला तू दिसलास.

मोटारी थांबतात तिथे काळी छत्री मिटून उभा होतास. धोतर पोटरीपर्यंत ओलं. वडगाव रासाईला होडीने नदी उतरला असशील, मग तिथून चालत. हातात आबांचं घड्याळ, झाकण उघडं. आबा जसे धरायचे तसं, पोटाशी. मला वाटलं तू वेळ सांगशील आणि मी पुढे जाईन. तुझ्याजवळ आलो आणि थांबलो. पाय थांबले नाहीत, मी थांबवले. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

पंच ओरडत होते. तिसरा माझ्या मागे शंभर पावलांवर होता. तू म्हणालास, "चाल की." मी म्हणालो, "आधी सांग."

तू घड्याळाकडे बघत बोललास. शब्द न् शब्द माझ्या कानात आहे.

"जूनमधी साठीवरची एकोणीस मान्सं आली आमच्याकडं. पैल्या दिवसापास्नं अंथरुणाला टेकून ऱ्हायली ती पंधरा. त्यातली चौदा वाचली. तापात काम करून आलेली चार. त्यातलं कुणी न्हाई वाचलं. आबांची छाती चांगली व्हती." मग म्हणालास, "वाचले असते, बन्या."

आणि लगेच, त्याच आवाजात, "चार तास पाच. चाल. पाय उचलू नगं."

शेवटचे तीन शब्द तू मुद्दाम म्हणालास की तोंडून गेले, मला ठाऊक नाही. विचारणारही नाही.

तिसरा माझ्या बाजूने गेला. मग चौथा. मी चालू लागलो. साडेसात मैल राहिले होते. पायांत काही अडत नव्हतं, दादा. धरून चाललो असतो तर तिसऱ्याला गाठणं शक्य होतं. पण माझ्याकडून तसं चालवेना. मी आबांच्या चालीने चाललो. त्या तिसऱ्या दिवशीच्या. एक पाय, मग दुसरा, मध्ये दम. अर्धा मैल त्यांना किती लांब वाटला असेल ते पाहत होतो. साडेसात मैलांतही नीट कळलं नाही. एक साहेब मोटारीतून बाजूने येऊन विचारत होते, कुठे दुखतंय, गाडीत बसा. मी मान हलवली. यवतला अकरा जण पोचले, त्यांत मी अकरावा. दोरी सोडून टाकली होती, फळकुटं गोळा करत होते. तू तिथे नव्हतास. असशील असं मी धरलंही नव्हतं.

तू एवढा लांबून मला माफ करायला आला नव्हतास, हे मला समजलं. तू उत्तर द्यायला आला होतास. पत्रात लिहिलं असतंस तर मी ते शंभरदा वाचून त्यातून सुटायची वाट काढली असती. तू मला ओळखतोस. तोंडावर सांगितलंस, आकड्यांसकट. त्याबद्दल तुझा राग येत नाही. झोप मात्र गेली ती गेलीच. हेलनला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मला ठावं व्हतं. आधण दोनदा आटलं तवाच कळलं." पाच महिने तिला ठाऊक होतं आणि ती माझ्यासाठी थर्मामीटर मागून आणत होती.

घड्याळ तुझ्याकडेच ठेव. मी आता चालणार नाही. साहेबांना कळवलं. त्यांचं उत्तर लगेच आलं, यंदाच्या साथीने बरेच चांगले खेळाडू खचले याचं वाईट वाटतं, असं. खचले हा शब्द त्यांनी बरा शोधला. वही चुलीत घालायला निघालो होतो, हेलनने घालू दिली नाही. ते पान असू द्या म्हणाली.

एक शेवटचं आहे, मग तुला पुन्हा त्रास देणार नाही.

काल परतीच्या फेरीत अर्ध्या मैलाच्या खांबापाशी मी खडीच्या ढिगावर बसलो. आबा बसले होते तसा, एक हात खांबाला. आणि बसल्या बसल्या रुळावर ठोका दिला. मग उठून घरी आलो. हेलनने आधण ठेवलेलं होतं. मी तिला विचारलं, आज ठोका रोजच्यापेक्षा वेगळा वाटला का.

"न्हाई," म्हणाली. "रोजच्यावानीच आला."

म्हणजे ऐकून कुणालाच कळलं नसतं, दादा. हेलनला नाही, आईला नाही, तुलासुद्धा नाही. आबांनी तो ठोका तसाच दिला होता, घरात कुणाला कळू नये म्हणून. तो बसून दिलेला आहे हे एकाच माणसाला माहीत होतं. तो त्यांच्यासमोर उभा होता, आणि त्याच्या हातात घड्याळ होतं.

बन्यामीन